इतिवृत्तात आमची नावं आली : विधवा प्रथाबंदीचा ठराव, सरपंचांनी घेतलेली दखल आणि कायद्याची वाट

कृष्णाकाठची | ५ मे २०२३, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. नाव मुद्दाम देत नाही. यातल्या बायकांनी ग्रामपंचायतीच्या वहीत नाव घालायला होकार दिलाय, इंटरनेटवर टाकायला नाही.

परवा १ मेच्या ग्रामसभेत सरपंचांनी आम्हा अकराजणींची नावं घेतली. कशासाठी, ते आधी सांगते.

काल हेरवाडच्या ठरावाला एक वर्ष झालं. शिरोळ तालुक्यातलं, कुरुंदवाडजवळचं हे गाव आता सगळ्यांना माहीत आहे. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. सूचक आणि अनुमोदक दोघीही बायकाच. सरपंच सुरगोंडा पाटील. मागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे होते. करोनाच्या काळात त्यांचा एक सहकारी गेला आणि अंत्यविधीच्या वेळी त्याच्या बायकोचं जे केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून दिलं, की माझ्या माघारी माझ्या बायकोवर यातलं काहीही लादायचं नाही. हेरवाडच्या पंचायतीने त्यांच्याशी संपर्क केला आणि तिथून गाडं पुढे सरकलं. १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं, की राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. तेरा दिवसांत गावचा कागद मंत्रालयापर्यंत जाऊन शासनाचा कागद होऊन परत आला.

आम्ही आमच्या गावात तो ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेतला. त्यानंतर आमच्या बचत गटातल्या अकराजणी घरोघरी फिरलो. आमची मागणी एक पाऊल पुढची होती. परिपत्रक म्हणजे आवाहन. न ऐकणाऱ्याचं ते काही करू शकत नाही. म्हणून राज्याने याचा कायदा करावा, अशा मागणीवर बायकांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे ठरवलं. दोनशे पानी वही भरली, दुसरी अर्ध्यावर आहे. अकराजणींतल्या चौघी विधवा आहेत. खरं तर त्यांच्यामुळेच दारं उघडली. मी गेले तर चहा मिळायचा, पण त्या गेल्या की आतल्या खोलीतली बाई बाहेर यायची.

आता दखलीविषयी. मागे एका संस्थेने आमच्या गटाचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, ओटी, सगळं साग्रसंगीत. कुंकवाचा करंडा ओळीने पुढे आला आणि या चौघींपाशी आला की त्यांना ओलांडून पुढे गेला. आम्हा सातजणींच्या पदरात नारळ घातला, त्यांचा नारळ टेबलावर ठेवला. मुद्दाम नाही केलं कुणी. हाताला सवय असते ना, तसं झालं. पण परत येताना जीपमध्ये कुणीच बोललं नाही. आमच्यातल्या एक काकी नवरा गेला तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, आज सत्तरी ओलांडलीय. त्या मांडीवर शालीची घडी घेऊन बाहेर बघत बसल्या होत्या.

म्हणून यंदा सरपंचांनी सत्काराचा विषय काढला तेव्हा आम्ही एकमुखाने सांगितलं, "आबा, शाल नको. आमचं काम वहीत लिवा." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाय. शाल घरात जाती, वही गावात ऱ्हाती."

३० एप्रिलला महिला ग्रामसभा झाली, तिथे मसुदा वाचला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चांगलं लिहिलं होतं, पण सात नावांपुढे 'सौ.' आणि चौघींपुढे 'गं. भा.' होतं. गेल्याच महिन्यात महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गं. भा.' वापरायचा विचार मांडला होता आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. काकींनी हात वर केला. म्हणाल्या, "गंगाबी नगं आन् भागीरथीबी नगं. मला नाव हाय." भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे अकराही नावांपुढची अक्षरं खोडली. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव (ज्या बाईला जे हवं ते), आडनाव. पुढे काही नाही.

१ मेला सरपंचांनी ती नावं माइकवर वाचली. "या अकरा भगिनींनी राज्यात कायदा व्हावा यासाठी केलेल्या कामाची ही ग्रामसभा नोंद घेत आहे आणि त्यांची मागणी ठरावाद्वारे शासनाकडे पाठवत आहे." एवढंच वाक्य. मला वाटतं, गावच्या पुढाऱ्याने लोकांच्या कामाची दखल घ्यायची ती अशी. नाव नीट लिहायचं आणि कागद वर पाठवायचा.

आता तुमची मदत हवी आहे. हा कागद वर गेल्यावर तो कुठे अडकतो, त्याच्या मागे कसं लागायचं आणि कायदा मागायचा तर त्यात काय काय मागायचं? इथे वकील आहेत, सरकारी नोकरीतले आहेत. मोकळेपणाने सांगा.

---

पाणंद | ५ मे २०२३, रात्री १०.१५

वाचून अंगावर काटा आला. अकराजणींना मनापासून नमस्कार. आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावातही ठराव झालाय, पण तो फलकापुरताच राहिला. गावाच्या वेशीत कमानीवर लिहिलंय आणि कमानीच्या आत सगळं पहिल्यासारखं. तुमच्याकडे ठरावानंतर गावात कुणी वारलं तेव्हा काय झालं, ते सांगाल का? खरी परीक्षा तिथेच.

---

कृष्णाकाठची | ६ मे २०२३, सकाळी ७.०५

@पाणंद, बरोबर जागी बोट ठेवलंत.

नोव्हेंबरात गावात एक तरुण माणूस गेला. आम्हाला कळलं तेव्हा मयत उचलायची वेळ झाली होती. आम्ही पाचजणी धावत गेलो. नदीवर बांगड्या फोडायचं आम्ही थांबवू शकलो, कारण सरपंच स्वतः तिथे उभे राहिले आणि ठरावाची नक्कल खिशातून काढली. पण मंगळसूत्र घरातच निघालं होतं. काढणारी तिची सख्खी चुलतसासू, स्वतः विधवा. ती रडत म्हणाली, "माझं काढलं तवा कोण आलं हुतं गं?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

दहाव्याला आम्ही परत गेलो. त्या मुलीच्या कपाळावर टिकली होती आणि तिच्या आईने ती स्वतः लावली होती. म्हणजे निम्मं काम ठरावाने झालं. उरलेलं निम्मं ठरावाच्या ताकदीबाहेरचं आहे.

संक्रांतीला मात्र आम्ही एकत्र हळदीकुंकू घेतलं, सगळ्या बायकांना बोलावून. वाण म्हणून स्टीलची छोटी वाटी दिली. काकींनी ती अजून वापरायला काढलेली नाही, देव्हाऱ्यात ठेवलीय.

---

निवृत्त_ग्रामसेवक | ६ मे २०२३, दुपारी १२.३०

ताई, तीस वर्षं हीच वही लिहिली, म्हणून अधिकाराने सांगतो. तुमच्या ग्रामसेवकाने चांगलं केलंय, पण काम पक्कं व्हायला अजून काही गोष्टी बघा.

इतिवृत्तात ठरावाला क्रमांक आहे का, सूचक-अनुमोदकांची नावं आहेत का आणि 'सर्वानुमते मंजूर' की 'बहुमताने मंजूर' हे स्पष्ट लिहिलंय का, हे स्वतः डोळ्यांनी बघून घ्या. 'चर्चा झाली' असं लिहिलं असेल तर तो ठराव नव्हे. नंतर कुणीही म्हणू शकतं की नुसती चर्चा होती. सहीशिक्क्याची नक्कल आजच मागा आणि तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

कागदाची वाट अशी असते : ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि तिथून ग्रामविकास विभागाकडे. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक मिळतो. तो तारखेसह वहीत लिहून ठेवा. आवक क्रमांक असला की कागद हरवत नाही. माणसं टाळाटाळ करतील, पण 'आलाच नाही' असं म्हणता येत नाही. बहुतेक ठराव पंचायत समितीच्या कपाटात झोपतात, आणि त्याचं कारण दुष्टपणा नसतं. मागे कुणी विचारायला येत नाही, म्हणून झोपतात. दर पंधरा दिवसांनी दोघीजणी जाऊन यायच्या, हे ठरवून घ्या.

आणखी एक. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पहिला विषय असेल 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. तेव्हा हजर राहा. तुमची नावं त्या दिवशी पुन्हा वाचली गेली पाहिजेत आणि कायम झाली पाहिजेत. बरेच ठिकाणी 'वाचले असे समजून' पुढे जातात. तुम्ही तसं होऊ देऊ नका.

---

साक्षांकित | ६ मे २०२३, रात्री ८.५०

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. कायद्याची बाजू मांडते, थोडं लांबेल.

आधी ग्रामसभेच्या ठरावाची ताकद. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ ने ग्रामसभेला बरंच दिलंय, महिलांची स्वतंत्र सभा आधी घ्यायची तरतूदही त्यातच आहे. पण अशा सामाजिक ठरावाचा भंग केला म्हणून ग्रामपंचायत कुणाला शिक्षा करू शकत नाही. हा ठराव म्हणजे गावाने दिलेला शब्द आहे. शब्दाला वजन असतं, पण तो मोडल्यास दाद कुठे मागायची, हा प्रश्न उरतोच.

आजच्या कायद्यात काहीच नाही असंही नाही. बाईच्या मनाविरुद्ध तिच्या अंगावरचा दागिना ओढून काढणं म्हणजे बळाचा वापर, फौजदारी कायद्यात त्याला शिक्षा आहे. मंगळसूत्र हे तिचं स्त्रीधन, ते काढून सासरच्या कपाटात ठेवायचा हक्क कुणालाच नाही. नवरा गेला म्हणून घराबाहेर काढलं किंवा मानसिक छळ केला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती अर्ज करू शकते, कारण एका घरात राहिलेल्या नातेवाइकांविरुद्ध तो कायदा चालतो. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही आहे. आपल्या विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्या विधवेने कुंकू लावलं म्हणून भावकीने किंवा समाजाच्या पंचांनी तिला कार्यातून वगळायचं फर्मान काढलं, तर या कायद्याचा आधार घेता येईल असं माझं मत आहे.

अडचण अशी, की या सगळ्यासाठी त्या बाईने उठून पोलिसात जायचं. नवरा जाऊन दोन तास झालेले, बाई शुद्धीत नाही, भोवती सासरची माणसं. ती जाणार कशी? म्हणून स्वतंत्र कायदा मागताना मी पहिली गोष्ट ही मागेन, की तक्रार तिनेच करावी ही अट नको. सरपंच, ग्रामसेवक, पोलीसपाटील, अंगणवाडी सेविका, यांच्यापैकी कुणालातरी थांबवायचा आणि कळवायचा अधिकार आणि जबाबदारी द्यावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकारी आहे, तसं काहीतरी.

तो कायदा आणखी एका कारणासाठी अभ्यासा. त्याला परिशिष्ट आहे आणि कोणती कृत्यं गुन्हा आहेत ते त्यात एकेक करून मोजून दिलंय. 'अंधश्रद्धा' असा मोघम शब्द ठेवला असता तर तो टिकला नसता. तुमच्या मागणीतही 'विधवा प्रथा' असं मोघम नको. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, शुभकार्यात मज्जाव करणे, आणि या प्रत्येकापुढे 'तिच्या इच्छेविरुद्ध' हे शब्द. हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

---

गावगाडा | ७ मे २०२३, सकाळी ९.२०

कामाबद्दल आदर आहे, तरी एक शंका मनापासून विचारतो. धागाकर्तीनेच लिहिलंय की मंगळसूत्र काढणारी चुलतसासू स्वतः विधवा होती. उद्या कायदा झाला तर आरोपी कोण? तीच पंचाहत्तर वर्षांची बाई. जिने स्वतः सगळं सोसलं, तिलाच पोलिसांच्या गाडीत घालायचं का? माझी आजी अशीच होती. तिने माझ्या आईच्या बाबतीत हेच केलं आणि पुढे मरेपर्यंत आईला तिनेच सांभाळलं. माझ्या आजीवर खटला झालेला मला चालला नसता. हा बदल घराघरात बोलूनच होईल असं मला वाटतं.

---

सदाफुली | ७ मे २०२३, दुपारी ३.१०

@गावगाडा, तुमचा प्रश्न खरा आहे, म्हणून माझी गोष्ट सांगते. इथे कधीच लिहिली नव्हती.

माझे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मयत घरी आणलंच नाही, महापालिकेच्या लोकांनी परस्पर नेलं. मी स्वतः पॉझिटिव्ह, एका खोलीत बंद. त्यामुळे माझ्या बांगड्या फोडायला कुणी आलं नाही. मला वाटलं, यातून सुटले. अठराव्या दिवशी मी खोलीबाहेर आले तेव्हा ओट्यावर वरवंटा काढून ठेवलेला होता. माझ्याच हाताने फोडायला लावल्या, कारण मला शिवायला सगळे घाबरत होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती दारात उभी होती. नंतर सहा महिने ती बांगड्या घालायला तयार नव्हती, शाळेच्या गॅदरिंगलाही नाही.

तेव्हा घरातल्या एका जरी माणसाला म्हणता आलं असतं, "हे करायचं नाही, कायदा आहे", तर माझ्या दिराला ते हवंच होतं. तो धाकटा, त्याचं चालत नव्हतं. त्याला नुसतं एक कारण हवं होतं. आजीला गाडीत घालायची कुणालाच हौस नाही हो. पण घरात एखादा विरोध करायला उभा राहतो, त्याच्या पाठीशी काहीतरी पाहिजे ना? माझ्या लेखी कायदा तेवढ्यासाठी हवा.

आणखी एक सांगते, तेही मसुद्यात यायला हवं असं वाटतं. मी आज कुंकू लावत नाही. मला लावावंसं वाटत नाही. हेरवाडनंतर आमच्या सोसायटीतल्या चार बायका हौसेने माझ्या घरी कुंकू लावायला आल्या, फोटो काढायचा होता त्यांना. मी नको म्हटलं तर "अहो, आता चालतं!" म्हणाल्या. चालतं की नाही हा प्रश्नच नव्हता. साक्षांकित यांनी 'तिच्या इच्छेविरुद्ध' लिहिलंय ना, ते दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवं.

---

कृष्णाकाठची | ७ मे २०२३, सायंकाळी ६.४५

@सदाफुली ताई, तुमचा प्रतिसाद आज गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकी म्हणाल्या, "तिला सांग, कारण पायजे हुतं ही गोष्ट लई खरी हाय." पुढचं वाक्यही त्यांचंच : "आमालाबी लावायची सक्ती नगं आन् पुसायची सक्तीबी नगं."

@गावगाडा, शिक्षेचं आम्हीही बोललो. पहिल्यांदा समज, मग दंड आणि वारंवार घडलं किंवा मारहाण झाली तरच कैद, असं मागावं असं बहुतेकींचं मत पडलं.

---

करवीर | ७ मे २०२३, रात्री ९.००

कोल्हापूरकर म्हणून थोडं जुनं सांगावंसं वाटतं, कारण हेरवाडचा ठराव शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोनच दिवस आधी झाला. महाराज गेले ते ६ मे १९२२ ला. ठरावाला तीच पार्श्वभूमी होती.

महाराजांनी १९१७ मध्येच आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. कायदा करून ते थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले आणि सून इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. राजघराण्यातला विरोध बाजूला सारून महाराजांनी सुनेला शिकवायचं ठरवलं, सोनतळीच्या कॅम्पवर तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबतीला आणखी मुली ठेवल्या. आपला कायदा त्यांनी आधी आपल्या उंबऱ्याच्या आत आणला.

गावगाडा, तुम्ही म्हणता घराघरात बोलून होईल. महाराजांनी दोन्ही केलं, आणि एकातून दुसरं सुटलं नाही. हेरवाडपाठोपाठ ज्या माणगावाने हा ठराव घेतला ते हातकणंगले तालुक्यातलं माणगाव म्हणजे १९२० च्या परिषदेचं, जिथे शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात होते. या मातीत हे शंभर वर्षं पेरलेलं आहे.

---

वैनगंगा | ८ मे २०२३, सकाळी ११.३०

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहिते आहे. अभिनंदन आहेच, सोबत आमचा अनुभव.

आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी काय नाही केलं! शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव दिले. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी मोर्चा गेला. थंडीत, लेकरं कडेवर घेऊन. माझी मोठी आई त्यात होती, तिच्या टाचा फुटल्या होत्या. शेवटी १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. तेव्हा पुढाऱ्यांनी आमच्या बायकांचे हारतुरे घालून सत्कार केले, गावोगावी. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने बंदी उठवली. तेव्हा त्या बायकांना विचारायला कुणी आलं नाही.

बंदी बरोबर होती की चूक, ही चर्चा इथे नको, आमच्याकडेही दोन मतं आहेत. मला एवढंच सांगायचं आहे, की तो शासनाचा निर्णय होता, मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत आला आणि एका बैठकीत गेला. परिपत्रकाचंही तसंच. म्हणून ताई, तुम्ही कायदाच मागता आहात ते योग्य आहे. कायदा फिरवायचा तर त्यांना विधिमंडळात उभं राहून बोलावं लागतं, आणि कोण काय बोललं ते तिथल्या वहीत राहतं.

---

म्हादई | ८ मे २०२३, रात्री १०.०५

गोव्यातून, सत्तरी तालुका. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक, त्यामुळे नवरा गेला तरी निम्मा वाटा बायकोचा असतोच. त्यासाठी तिला कुणाच्या दारात जावं लागत नाही. बाहेरच्या मैत्रिणी हे ऐकून म्हणतात, मग तुमच्याकडे विधवेला काय कमी?

माझ्या आईकडे घराचा निम्मा हक्क आहे, काजूची बाग आहे. पण ती डोक्यात फुलं माळत नाही. अबोलीचं झाड तिनेच लावलंय, गजरा तीच करते आणि सगळ्या सुनांना वाटते. माझ्या लग्नात ती आतल्या खोलीत बसून होती आणि ओटी मामीने भरली. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना फार टोचतंय. वाटणीचा कायदा तिला बागेपर्यंत घेऊन गेला, फुलापर्यंत नाही.

---

तासगाव_पूर्व | ९ मे २०२३, सकाळी ८.१०

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. वि. स. पागे विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांनी आधी आपल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली. मग १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमल सुरू झाला. पुढे २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. गावातून निघालेली गोष्ट विधिमंडळात पोचायला वर्षं लागतात, पण आपल्या भागातून ती पोचलेली आहे, हे अकराजणींना सांगा.

एक व्यावहारिक सूचना. ग्रामविकास विभागाच्या वाटेवरच विसंबून राहू नका. तुमच्या आमदारांना भेटून अशासकीय विधेयक मांडायला सांगा, मंत्री नसलेल्या कुठल्याही आमदाराला तो अधिकार आहे. शिवाय विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिच्याकडे आमदारांमार्फत अर्ज देता येतो. पावसाळी अधिवेशन जुलैत आहे, त्याआधी भेटा. आणि आमदार सत्कार करतो म्हणाले तर तुमच्या सरपंचांना सांगितलंत तेच सांगा.

---

कृष्णाकाठची | २ जुलै २०२३, दुपारी २.२०

धागा वर काढते. जरा उशीर झाला, मधे पेरण्यांची धांदल होती.

निवृत्त_ग्रामसेवक काकांनी सांगितल्याप्रमाणे नक्कल काढली, तर खरंच 'चर्चा करण्यात आली' असं लिहिलेलं होतं! भाऊसाहेबांना दाखवलं. त्यांनी कबूल केलं आणि सूचक-अनुमोदकांच्या नावांसह, ठराव क्रमांक घालून रीतसर दुरुस्ती केली, त्यावर सरपंचांची सही घेतली. पंचायत समितीत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आवक क्रमांक मिळाला. मग कागद जिल्हा परिषदेत गेला आणि तिथलाही मिळाला. दोन्ही आकडे काकींनी आपल्या घराच्या कोनाड्यात खडूने लिहून ठेवलेत, दुधाच्या हिशेबाशेजारी.

साक्षांकित ताईंनी मसुदा दुरुस्त करून दिला, फोनवर दोन तास बसून. पैसे विचारले तर रागावल्या. सदाफुली ताईंचा मुद्दा कलम म्हणून घातलाय : कोणत्याही स्त्रीला वैधव्यानंतर सौभाग्यचिन्हे काढण्याची अथवा धारण करण्याची सक्ती करता येणार नाही. वाचून दाखवल्यावर गटातल्या एकीने विचारलं, "सौभाग्यचिन्हं हाच शब्द का?" मग तासभर त्यावरच बोललो. आता 'अलंकार, कुंकू व वस्त्रे' असं केलंय.

शेजारच्या पाच गावांच्या सरपंचांनी आपापल्या ग्रामसभेत हाच मसुदा घ्यायचं कबूल केलंय. त्यातल्या दोघी महिला सरपंच आहेत, त्या स्वतः आमदारांच्या भेटीला आमच्यासोबत आल्या. आमदारांनी अर्धा तास ऐकलं, मसुदा ठेवून घेतला, अभ्यास करून कळवतो म्हणाले. आम्ही पोच मागितली, त्यांच्या स्वीय सहायकांनी सही करून दिली.

---

गावगाडा | २ जुलै २०२३, रात्री ८.३५

दोन महिने हा धागा डोक्यात होता. आईला वाचून दाखवला. ती आधी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझी आजी मला नंतर म्हणाली होती, मी थांबवायला पाहिजे होतं." हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

शिक्षा टप्प्याटप्प्याने असेल तर माझा विरोध नाही. आईने सही करायची आहे, आमचा तालुका दुसरा आहे. चालेल का?

---

कृष्णाकाठची | २ जुलै २०२३, रात्री ९.१०

चालेल म्हणजे काय! दुसऱ्या वहीची पंधरा-वीस पानं रिकामी आहेत. कोऱ्या कागदावर सही करून पोस्टाने पाठवा, पत्ता व्यक्तिगत निरोपातून देते. नावापुढे काय लिहायचं ते आईंनाच विचारा.

---

कृष्णाकाठची | १६ ऑगस्ट २०२३, सकाळी ६.५०

कालची ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात पाऊस होता म्हणून देवळाच्या सभामंडपात घेतली. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुढे पाणीपट्टी आणि रस्त्याचे वाद होते, सगळ्यांना त्याची घाई. मागून कुणीतरी ओरडलं, "वाचलं असं समजा की!" भाऊसाहेब थबकले. सरपंच म्हणाले, "न्हाई, वाचा."

भाऊसाहेबांनी सगळं वाचलं. आमचा ठराव आला, क्रमांकासह. नावं आली, अकराच्या अकरा, पुढे-मागे काही न लावता. काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी शाळेत हजेरीला म्हणतात तसं "हजर" म्हटलं.

सरपंचांनी सभेला विचारलं, कायम करायचं का? आधी बायकांच्या बाजूने आवाज आला, मग पुरुषांच्या. कायम, कायम.